शिरड शहापूरचा हंस

"आधी तुमची माय पुढं येऊन बसू द्या, मार्तंडराव. मंग आमच्या पोरी नाचतील."

पुंजाजीनं एवढं बोलून चहाची रिकामी कपबशी बाजेखाली सरकवली. म्हणजे विषय संपला. त्याच्यामागे आणखी दोन पोरींचे बाप उभे होते. त्यांनी माना हलवल्या. बुद्धपौर्णिमा दोन दिवसांवर आलेली, दिवाळीपासून तालमी चाललेल्या, पोरींचे पांढरे झगे शिवून तयार, आणि आता हे!

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "पुंजाजीभाऊ, सहा महिने तुम्हाला हे सुचलं नाही का हो? आत्याबाईंचा आणि तुमच्या कमलच्या नाचाचा काय संबंध?"

"बाई, तुमी हिंगोलीला शाळेत शिकवता. सुट्टीपुरत्या इथं येता," पुंजाजी शांतपणे म्हणाला. "आमाला इथं राहायचंय. रुक्माबाईनं उभ्या गावाला काय सांगितलं? पोरगं मुंबईला मिलमध्ये हाय. येवढी वर्सं तेच सांगितलं. ज्याच्या मायलाच त्याच्या नाचाची लाज वाटती, त्याच्या मंडळीत आमी आमच्या लेकी काहून घालाव्या? बोला, बराबर हाय का न्हाई?"

बराबर होतं. तेच तर दुखणं होतं. मी मार्तंडकडे पाहिलं. तो मान खाली घालून पायाच्या अंगठ्यानं अंगणात रेघा काढत होता.

"बराबर हाय," तो म्हणाला.

घरात आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ज्वारी पाखडत होत्या. मंडळी बोलत असेपर्यंत सुपाचा आवाज बंद होता. ती गेली तसा सुरू झाला. आणि असा जोरात, की ज्वारीबरोबर आम्हा दोघांचीही पाखडणी चालली आहे असं वाटावं.

नवऱ्याचं नाव मी इथे सरळ लिहिते आहे. तोंडावर 'अहो'च्या पलीकडे जायची माझी छाती नव्हती. कागदावर मात्र तो मार्तंड. तर हा मार्तंड खिल्लारे, शिरड शहापूरचा, मिसरूड फुटायच्या आत मामाबरोबर मुंबईला गेला तो मिलमध्ये चिकटायलाच. पण मिलमध्ये लगेच जागा नव्हती, म्हणून मामानं त्याला एका बॅले कंपनीच्या तालमीच्या हॉलमध्ये झाडलोटीला लावून दिलं. सकाळी सतरंज्या घालायच्या, संध्याकाळी गुंडाळायच्या. ह्यानं मधल्या वेळात काय केलं, तर दाराआड उभा राहून नाचणाऱ्यांच्या नकला केल्या. एक दिवस कंपनीच्या मालकांनी पकडलं. मालक म्हणाले, "आता हेच माझ्यासमोर कर." झालं! त्या दिवसापासून सतरंज्या दुसरा कुणीतरी घालायला लागला.

लग्नाच्या दिवशी, जेवणं उरकल्यावर, हा माझ्याशी पहिलं वाक्य बोलला ते असं: "एक सांगायचंय. मी नाचतो." मला वाटलं, वरातीत नाचायचं म्हणतोय. मी म्हणाले, "नाचा की, आज नाही तर कधी नाचणार?" मग त्यानं बॅले काय असतं ते सांगितलं. बोलायचं नाही, गायचं नाही, अंगानंच सगळी गोष्ट सांगायची. मी विचारलं, "आणि तुम्ही कोण होता त्या गोष्टीत?" तर म्हणाला, "सध्या रथाचं चाक आहे." मी इतकी हसले की बाहेर बायका कानोसा घ्यायला लागल्या.

चाकाचा पुढे घोडा झाला, घोड्याचं हरीण झालं, आणि बऱ्याच वर्षांनी एकदाचा माणूस झाला. पहिल्या रांगेत आला. दिल्ली, कलकत्ता केलं. एकदा विमानात बसून रशियालासुद्धा नाचून आला. मी हिंगोलीत पोरांना बाराखडी शिकवत होते आणि सुट्टीत मुंबईला जाऊन, अंधारात, तिकीट न काढता मागच्या खुर्चीवर बसून त्याला बघत होते. खोटं कशाला सांगू, तिथे मला तो माझा नवरा वाटतच नसे. एवढा देखणा माणूस आपल्याशी भाजीत मीठ कमी पडलं म्हणून भांडतो, हे मला खरं वाटत नसे.

मग मालक वारले, कंपनी मोडली. मुंबईतल्या लोकांनी सांगितलं, सिनेमात ये, मागे उभा राहून नाच. हा म्हणाला, नको, मी गावाला जातो, तिथे मंडळी काढतो. मराठवाड्याची स्वतःची बॅले मंडळी! लोकांनी वेड्यात काढलं. मीही काढलं. पण आला, आणि शिरडच्या आमच्या बौद्धवाड्यातली पोरंपोरी गोळा केली. दिवसा शेतात कामाला जायचं आणि उन्हं कलली की विहारासमोर तालीम. पहिले काही दिवस पोरं नुसती हसत. मग एकदा कमलनं, पुंजाजीच्या थोरल्या पोरीनं, दोन्ही हात असे वर नेले की मार्तंड बोलायचं विसरला. रात्री मला म्हणाला, "विजे, मला जे पंधरा वर्षांनी आलं ते हिला उपजत आहे. ही मुंबई काय, कुठंही नाचेल." त्या रात्री तो झोपला नाही. आनंदानं माणसाची झोप उडते ती अशी.

आता कमलचा बापच आडवा आला होता. आणि बापाच्या आड आत्याबाई होत्या.

आत्याबाई आडमुठ्या नव्हत्या. त्यांचं कारण मला माहीत होतं. माझे सासरे डफ वाजवायचे. शिमगा असो, पोळा असो, गावातल्या थोरल्या मालकांच्या दारात उभं राहून वाजवायचं, पोरांनी नाचायचं, आणि मग जे पदरात पडेल ते घेऊन यायचं. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या साली सासऱ्यांनी डफाचं कातडं सुरीनं कापून काढलं आणि कडं आत्याबाईंना देऊन टाकलं. त्या त्यावर पाण्याची घागर ठेवत. पुन्हा कुणाच्या दारात वाजवणार नाही, नाचणार नाही, हे सगळ्या वाड्यानं ठरवलं होतं आणि पाळलंही होतं. त्यानंतर कुणीतरी मुंबईहून बातमी आणली, तुमचं पोरगं तिकडं नाचतंय. सासऱ्यांनी ऐकलं आणि दोन दिवस जेवले नाहीत.

त्याच संध्याकाळी मी चुलीपाशी जाऊन बसले. आत्याबाई भाकरी थापत होत्या.

"आत्याबाई, या की हो परवा. दोन घटका बसायचं फक्त."

"न्हाई."

"काहून पण?"

"शबुद दिलाय. तुज्या सासऱ्याला." त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "जायच्या आधी म्हनले, रुक्मे, पोराला मी अडवत न्हाई. त्याचं त्याला ठाव. पन आपन दुसऱ्याच्या दारात नाचनं सोडलं ते कशापायी सोडलं? तू त्याचा नाच डोळ्यानं बघायचा न्हाई. मी म्हनलं, न्हाई बघनार. मेलेल्या मानसाला दिलेला शबुद हाय बाई, त्याला परत कसा मागू?"

पण माझी जीभ कधी गप्प बसली आहे?

"लोकांना शब्द दिसत नाही ना, आत्याबाई. लोकांना दिसतं ते एवढंच, की मायला पोराची लाज वाटते."

"लोक ऱ्हाऊ दे. तुला काय वाटतं?"

"मलाही तसंच वाटतं," मी म्हणाले.

आत्याबाई माझ्याकडे बघत राहिल्या. तव्यावरची भाकरी करपली. त्या घरात करपलेली भाकरी मी त्या दिवशी पहिल्यांदा खाल्ली आणि तीही मुकाट्यानं.

मार्तंड तर मायला विचारायचं नावच काढेना. मी म्हणाले, "अहो, तुमची माय आहे, तुम्ही का विचारत नाही?" तर म्हणतो, "मायनं मला कधी म्हणलं, नको नाचू? न्हाई म्हणलं. मंग मी तिला कसं म्हणू, ये बघायला? नाही आली तर मंडळी मोडायची. पोरींच्या बापांचं बराबर आहे." एवढं म्हणून धोतर फाडून केलेले हंसाचे पंख खळ घालून कडक करायला घेतले. मोडायचंच आहे तर पंखांना खळ कशाला, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण गिळलं.

बुद्धपौर्णिमेला आम्ही खेळ उन्हं उतरल्यावर ठेवला होता, कारण लाइटचा भरवसा नव्हता. विहारासमोरची जागा पोरींनी सारवून लख्ख केली होती. बांबूला दोन बाजूंना चादरी बांधलेल्या, त्यांच्याआड मी सुयादोरा आणि पिना घेऊन उभी. गोष्ट आपली हंसाची. राजपुत्र सिद्धार्थाचा चुलतभाऊ देवदत्त उडत्या हंसाला बाण मारतो, सिद्धार्थ तो बाण काढून हंसाला वाचवतो, आणि मग पाखरू कुणाचं यावरून भांडण राजाच्या दरबारात जातं. सिद्धार्थ म्हणजे कमल. देवदत्त म्हणजे जळबा, आखाड्यातला पहिलवान, त्याला सारखं हसू यायचं. राजा म्हणजे सुट्टीवर आलेला एस.टी.चा कंडक्टर उद्धव. आणि हंस म्हणजे मार्तंड. वय चाळिशीच्या पुढे, पोट किंचित सुटलेलं, पण पंख बांधले की माझा नवरा कुठे जायचा कोण जाणे.

माणसं तरी किती यावीत! आमचा वाडा तर आलाच, पण गावही आलं. मुंबईचा नाच आहे, फुकट आहे, म्हणून आलं. थोरले मालकसुद्धा आले. आता त्यांना बसवायचं कुठे? खुर्ची एकच होती आणि ती राजाला लागत होती. मी धीर करून तसं सांगितलं. मालक जरा घोटाळले, मग धोतर सावरून सगळ्यांबरोबर खाली मातीत बसले.

आत्याबाई मात्र नव्हत्या. पुंजाजी विहाराच्या भिंतीला टेकून उभा होता आणि कमलचा हात त्यानं धरून ठेवला होता. पोरीनं झगा घातलेला, डोळ्यांत पाणी. ढोलकवाला ग्यानोबा माझ्याकडे बघायचा, मी मार्तंडकडे, आणि मार्तंड जमिनीकडे. लोकांची चुळबूळ सुरू झाली. "अरे, सुरू करा की! काय मुहूर्त पाहून राहिले का?"

तेवढ्यात मागून लोक बाजूला व्हायला लागले. आत्याबाई आल्या. काखेत गोणपाट. कुणाकडे न बघता त्या थेट पुढे आल्या, सारवलेल्या जागेच्या कडेला गोणपाट अंथरलं, आणि बसल्या. बसल्या त्या खेळाकडे पाठ करून! तोंड लोकांकडे.

"रुक्माबाई, तोंड हिकडं करा की!" कुणीतरी ओरडलं.

"मला येऊन बसा म्हनले. बसले," आत्याबाई म्हणाल्या. "तोंड कुनीकडं करायचं तेबी पुंजाजीच सांगनार काय?"

अख्खं गाव हसलं. पुंजाजीही हसला, त्याला दुसरा इलाजच नव्हता. त्यानं कमलचा हात सोडला. मी चादरीआड डोळे पुसले आणि ग्यानोबाला खूण केली.

खेळ सुरू झाला. पहिल्यांदा लोक वाट बघत राहिले, कुणीतरी बोलेल म्हणून. कुणीच बोलेना. एक म्हातारा म्हणाला, "हे काय, सगळीच मुकी हायती का?" मग मार्तंड आला. हंस आला. त्यानं पंख उघडले आणि जागेवरच असा तरंगला की म्हातारा गप्प झाला. कसं नाचला ते मला लिहिता येणार नाही. रशियात नाचला असेल, दिल्लीत नाचला असेल, पण इतकं सैल, इतकं आपल्या घरात असल्यासारखं मी त्याला कधी बघितलं नव्हतं. समोर त्याची माय पाठ करून बसली होती आणि तो तिच्या पाठीला दाखवत होता.

मी मात्र चादरीच्या फटीतून आत्याबाईंना बघत होते. त्यांच्यासमोर सगळं गाव बसलेलं. हंस उडाला तसे सगळ्यांचे डोळे वर गेले, आत्याबाईंनी ते बघितलं. जळबानं बाण सोडला, हंस कोसळला, आणि बायकांच्यातून "आगं माय!" असा आवाज निघाला, तोही त्यांनी बघितला, ऐकला. एक लेकरू रडायला लागलं. थोरले मालक तोंड उघडं टाकून बसले होते, पटका मांडीवर घेतलेला, मातीत टेकलेला हात तसाच विसरलेला. आत्याबाई त्यांच्याकडे किती तरी वेळ बघत राहिल्या. ज्या दारात आपला नवरा उन्हात उभा राहून डफ वाजवायचा, त्या दाराचा धनी आज आपल्या दारात खाली बसून आपल्या लेकराकडे बघतोय. हे त्यांच्या मनात आलं असेल हे मी माझ्या मनानं सांगत नाही, त्यांनीच नंतर मला सांगितलं. त्या वेळी मला दिसलं ते एवढंच, की त्यांनी पदर डोक्यावरून नीट ओढून घेतला आणि पाठ ताठ केली.

मग दरबार आला. खुर्चीवर उद्धव. एका बाजूला सिद्धार्थ, एका बाजूला देवदत्त, मधे जखमी हंस पडलेला. मार्तंडनं इथे असं बसवलं होतं, की राजाला न्याय सुचत नाही, तो उठतो आणि दोन्ही हात पसरून समोरच्या लोकांना विचारतो, काय करू? मुंबईच्या कंपनीत अशा जागी टाळ्या पडायच्या म्हणे.

पण शिरडमध्ये एखाद्यानं भर बैठकीत हात पसरून विचारलं, की त्याला उत्तर द्यावं लागतं. गावाची रीतच आहे ती. बांध कोरल्याचं भांडण असो की नांदवत नसल्याचं, चार माणसं बसली आणि विचारलं, की ज्याला त्याला बोलायचा हक्क.

"ज्यानं मारलं त्याची शिकार!" मागून एक जण उभा राहिला. "ह्यात इचारायचं काय?"

"असं कसं? मंग वाचवलं त्यानं काय फुकट तकलीफ घेतली?"

"बाण कुनाचा हाय? बाणाला मोल न्हाई का?"

"अहो, पुस्तकात लिहिलंय," आमच्या वाड्यातला एक जण समजवायला लागला, "पाखरू सिद्धार्थालाच भेटलं."

"पुस्तकातलं सांगू नका, न्याय सांगा!"

पुंजाजी भिंत सोडून पुढे आला. "पाखरू कमलचं! माज्या पोरीनं बाण काढला, समद्यांनी पाह्यलं!" त्यावर जळबाचा चुलता उठला, "मंग आमच्या पोरानं काय झक मारायला नेम धरला?" आणि जळबा, जो सहा महिने मुका राहायला शिकला होता, तो छाती ठोकून म्हणाला, "बाण माझाच हाय!"

उद्धव राजा बिचारा हात पसरून तसाच उभा. कंडक्टरची सवय म्हणून "पुढे सरका, पुढे सरका" एवढंच काय ते म्हणाला नाही. मी कपाळाला हात लावला. सहा महिन्यांची मेहनत! आणि मार्तंड मधोमध पंख पसरून पडलेला. हंसाला काय बोलता येतं? तो डोळे मिटून वाट बघत होता. त्याच्या डोक्यावरून माणसं एकमेकांवर ओरडत होती, हे पाखरू माझं, हे पाखरू माझं.

"गप बसा!"

आवाज आत्याबाईंचा होता. त्या उठून उभ्या राहिल्या होत्या.

"कवापासून ऐकून राहिले मी. ह्याचं म्हनं, त्याचं म्हनं! ज्यानं मारलं त्याचं न्हाई, आन ज्यानं वाचवलं त्याचंबी न्हाई. पाखरू काय कोंडवाड्यातलं ढोर हाय, कुनीबी येऊन सोडवून न्यायला? ते मुकं हाय म्हून तुमी मालक झाले व्हय?" त्या गर्रकन वळल्या आणि बोट सरळ मार्तंडकडे केलं. "त्याला इचारा की! त्याला कुठं जायचंय ते त्याला इचारा!"

आत्याबाईंचं बोट तसंच पुढे होतं. मग त्यांच्या लक्षात आलं, आपण बघतोय. आता त्या पुन्हा पाठ करतील, असं मला वाटलं. त्यांनी हात हळूच खाली घेतला, पण तोंड फिरवलं नाही. गोणपाट ओढलं, फिरवून घातलं, आणि लेकाकडे तोंड करून बसल्या.

मार्तंडनं डोळे उघडले. आईला समोर बघितलं. मी त्याच्याबरोबर संसार केला, त्याला तापात बघितलं, बापाच्या चितेपाशी बघितलं, पण त्याचं ते तोंड मी कधी बघितलं नव्हतं. तो उठायला लागला. हे बसवलेलं नव्हतं. ग्यानोबानं ढोलकावर हात ठेवून माझ्याकडे बघितलं, काय वाजवू म्हणून. मी मान हलवली, काही वाजवू नका.

ढोलक नाही, पेटी नाही. नुसता त्याच्या पायांचा आवाज. तो जळबाकडे गेला, जळबा आपणहून मागे सरला. तो कमलकडे गेला. कमलनं शिकवल्याप्रमाणे हात पुढे केले, हंसानं तिच्या खांद्यावर क्षणभर मान टेकली आणि तिथूनही तो निघाला. सारवलेली जागा सोडून तो लोकांच्यात शिरला. लोकांनी पाय आखडून वाट दिली. बायकांच्या मागून, बाभळीखालून, थोरल्या मालकांच्या पाठीमागून, पंख पसरून तो सगळ्या बैठकीला वळसा घालून आला. त्याच्या पंखांची हवा लागून माझ्या हातातली चादर हलली. पोरं ओरडत होती, "हिकडं ये! हिकडं ये!" तो कुणाकडेच थांबला नाही. परत मधे आला, एकदा गरकन फिरला, आणि धापा टाकत खाली बसला.

मग थोरले मालक म्हणाले, "सुटलं. पाखरू सुटलं."

आणि जो गलका झाला! शिट्ट्या काय, आरोळ्या काय, पटके काय उडाले! जळबा आणि कमल एकमेकांचे हात धरून उड्या मारायला लागले. उद्धवचा मुकुट कुणीतरी पळवला. राजाचा न्याय राहिला तो राहिलाच, कुणाला त्याची आठवणही झाली नाही. पुंजाजी गर्दीतून वाट काढत मार्तंडपाशी आला.

"मार्तंडराव," घसा खाकरून तो म्हणाला, "उद्या तालमीला पोरगी कवा धाडू?"

"उन्हं उतरल्यावर," मार्तंड म्हणाला. दम लागून त्याला पुढे बोलवेना. मी तिथेच चादर सोडून दिली आणि हसत सुटले. रडतही असेन. माझ्या वर्गातल्या पोरांनी त्या वेळी मला बघितलं असतं तर जन्मभर माझा धाक राहिला नसता.

मार्तंड उठायला गेला आणि खाली बसला. उजवा पाय टेकवेना. बाभळीखालून उडाला होता ना, काटा मोडला होता टाचेत. तसाच नाचला होता.

आत्याबाई उठल्या. सावकाश, गुडघ्यावर हात ठेवून. सारवलेल्या जागेच्या मधोमध त्याच्यासमोर येऊन बसल्या. त्याचा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला, टाचेवरची माती पदरानं पुसली. चोळीला टोचलेली पिन काढली, तोंडात धरून सरळ केली, आणि मावळत्या उजेडाकडे त्याची टाच वळवून काटा शोधायला लागल्या.

"हलू नको."

"माय, लोक बघून राहिले," मार्तंड हळूच म्हणाला.

"बघू दे," आत्याबाई म्हणाल्या.

गलका हळूहळू कमी झाला. उभे राहिलेले खाली बसले. मालकांनी पटका पुन्हा मांडीवर घेतला. ग्यानोबानं अगदी बारीक, बोटांच्या टोकांनी, ढोलक धरलं. मी चादर उचलायला वाकले आणि समोर बघितलं, तर एकही माणूस घराकडे निघाला नव्हता. त्यांना वाटत होतं, खेळ अजून चालूच आहे.